पाच डबे आणि मधली गल्ली

२ मे २००३, शुक्रवार

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. मागच्या वर्षीही ठरवलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी एका मांजेवाल्याच्या टेम्पोत बसून उज्जैनला गेलो. तिथून परत यायचं राहूनच गेलं बरेच दिवस, आणि लिहायचंही.

या वेळी कारण आहे. शरद भियांनी मला काम दिलंय. शरद भिया म्हणजे नाक्यावरचे रेडिओ दुरुस्तीवाले. हल्ली मोबाइलपण उघडून बघतात, परत बंद करता येतोच असं नाही. त्यांनी पावडरच्या रिकाम्या डब्यांत पाच बारके ट्रान्समीटर बसवलेत. दुकानात माइकवर बोललं की पहिला डबा ते आसपासच्या घरांना ऐकवतो. दुसरा डबा ते ऐकतो आणि पुढे ओरडतो. तिसरा त्याच्या पुढे. घरात साधा एफएम रेडिओ पाहिजे, आणि तो चायनाचा आता सगळ्यांकडे आहे.

कशासाठी? पाण्यासाठी. मिल चालू होती तोवर वस्तीला मिलच्या विहिरीचं पाणी यायचं. मिलला टाळं लागलं तसं विहिरीलाही लागलं. आता टँकर येतो, आणि ड्रायव्हरच्या मनाला येईल तिथे उभा राहतो. कधी शाळेपाशी, कधी देवळापाशी, कधी मिलच्या बंद गेटावर. ज्याला दिसला तो भरतो. मधल्या गल्लीत बात पोहोचेपर्यंत टँकर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पलासियाला गेलेला असतो.

माझं काम एकच, दुकानातला डबा सोडून बाकीच्या चारांसाठी छतं निवडायची.

"धन्या, जाळं बनव, रांग नको," शरद भिया म्हणाले. "प्रत्येक डब्याला निदान दोन डबे ऐकू आले पाहिजेत. एका गल्लीची बत्ती गुल झाली, डबा मेला, तरी बात दुसरीकडून घुसली पाहिजे. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"पाच डबे."

"गधा है पूरा," ते म्हणाले, पण प्रेमाने.

अख्ख्या वस्तीत ऐकू आलं तर दुकानात कायमची नोकरी. नाही आलं तर डबे फोडून पार्ट विकणार. मी परवान्याचं विचारलं. म्हणाले, "आवाज एवढा बारीक आहे की पोलिसाला ऐकायला आपल्याच छतावर यावं लागेल. आला तर पोहे देऊ."

४ मे

आईला सांगितलं. आई म्हणाली, "रेडिओ? तुला ऐकायचं काम मिळालं की बोलायचं?"

आमच्या घरी मिल बंद झाल्याचा परिणाम एवढाच की बाबा दिवसभर घरी असतात. आई म्हणते हाच फार आहे. बाबा ऑफिसात हेडक्लार्क होते, त्यांचं येणं सगळं वेळेवर मिळालं. म्हणजे आमच्या घरात बंद पडलेला असा मी एकटाच.

आईने मुदत दिलीये. वटपौर्णिमेपर्यंत हे चाललं तर ठीक, नाहीतर पीथमपूरहून मामा स्कूटर घेऊन येणार आणि मला खोक्यांच्या फॅक्टरीत बसवणार. ती फॅक्टरी मी एकदा पाहिलीये. सकाळी आत गेलं की खोक्यावर टेप, खोक्यावर टेप. खिडकीसुद्धा नाही, म्हणजे जिच्यातून बघून कुठेतरी जावंसं वाटेल अशी. मी तिथे आठवडाभरात मरेन आणि मला त्याच खोक्यात पॅक करतील.

७ मे

लीला मावशींचं छत पाहिलं. नाक्याजवळचं सगळ्यात उंच घर. मावशींनी आधी पोह्यांची प्लेट दिली, वर शेव, वर जीरावन मसाला, वर लिंबू. मी म्हटलं, मावशी, छत? म्हणाल्या, "छत काय पळून जातंय? जलेबी गार होतेय."

छत पाहायला परत जावं लागलं, कारण पहिल्या दिवशी खाऊन तिथेच झोपलो. छत उत्तम आहे. पहिला डबा दुकानात, दुसरा इथे. पक्कं.

९ मे

जयसिंगराव काकांकडे गेलो. त्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे काका अजून ताठ बसतात. तिसरा डबा त्यांच्या छतावर. कचोऱ्या. बंदुकीची एक गोष्ट, मग तीच गोष्ट परत, दुसऱ्या वेळी बंदूक मोठी होती.

"हा डबा फुटणार तर नाही?" काकांनी विचारलं.

"नाही काका, हा फक्त बोलतो."

"बोलण्यानेच फुटतं सगळं," ते म्हणाले, आणि आणखी एक कचोरी वाढली.

१३ मे

मधली गल्ली. वस्तीच्या बरोब्बर पोटात आहे, जरा खोलगट, दोन्ही बाजूंना दुमजली घरं, त्यामुळे बाहेरचा आवाज तिथे उतरतच नाही. इथे डबा पाहिजेच. या गल्लीत सगळे मागावर काम करणारे, मिलमधले.

भानुमती काकूंचं दार वाजवलं. वीतभर उघडलं.

"काकू, मी शंकररावांचा धनेश. तुमच्या छतावर रेडिओचा डबा लावायचाय. दोन मिनिटं वर जाऊन बघतो."

"अगबाई, धनेश! किती मोठा झालास. ये ना," म्हणाल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या. मी पाऊल उचललं तर त्या मागे वळून आतल्या कुणाला तरी हळूच म्हणाल्या, "दूध आहे का गं?" मग मला म्हणाल्या, "शिडी मोडलीये रे. पुढच्या आठवड्यात ये."

शिडी मला दिसत होती, अंगणात, ठणठणीत. बहुतेक मांजर पाळलीये, तिच्या दुधाची काळजी. मांजरवाल्या घरी डबा नको, वायर कुरतडते.

शेजारी गेलो. दाराला बाहेरून कुलूप, आत कुणीतरी खोकत होतं. त्याच्या पुढच्या घरातल्या बाई म्हणाल्या, "मी निघालेच आहे बघ बाहेर." पायात चप्पल नव्हती. परत फिरताना पाहिलं तर खिडकीत उभ्या होत्या, मला बघून बाजूला झाल्या.

लहानपणी याच गल्लीत पतंग लुटायला यायचो. पाणी मागितलं तर शेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, मिळायचं आणि खाल्ल्याशिवाय सोडायचे नाहीत. आता एवढे अकडू झालेत. मिलबरोबर माणुसकीलाही टाळं, असं काहीतरी बाबा परवा म्हणाले होते. पेपरात वाचलं असेल.

१७ मे

एक डबा किती लांबपर्यंत जातो ते बघायला टेम्पोत बसलो. वस्ती संपली, आवाज संपला, पण टेम्पो खजरान्याला जात होता. म्हटलं तिथल्या देवळातल्या गणपतीलाच विचारू मधल्या गल्लीचं काय करायचं. गणपती काही बोलला नाही, पण बाहेर एक माणूस पोपटाकडून चिठ्ठ्या काढवत होता. पोपट फारच शहाणा होता, त्याला मिरची देत बसलो. घरी आल्यावर लक्षात आलं, डबा चपलांच्या स्टँडवर राहिला.

शरद भियांनी ऐकलं आणि परत सोल्डरिंगला बसले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१८ मे

डबा मिळाला. चपलावाल्याने त्यावर हार घालून ठेवला होता. म्हणाला, "भिया, इसमें से गूँ-गूँ की आवाज आ रही थी, हमने सोचा किसी महाराज का है." लोकांनी पुढे फुलंही ठेवली होती. निघताना मला जरा वाईटच वाटलं.

२२ मे

चौथा डबा अच्युत मास्तरांकडे. आमरस. दोनदा. छतही बरं आहे.

मधल्या गल्लीत तिसऱ्यांदा गेलो. बरोबर चहाच्या वेळेला गेलो, म्हणजे सगळे घरी असतील. मला वळणावर पाहिलं तशी फटाफट दारं लागत गेली, जसा काही मी वसुलीवाला. भानुमती काकू म्हणाल्या, आज पाहुणे आहेत. घरात चिटपाखरू नव्हतं.

३० मे, शुक्रवार

आज चाचणी. चार डबे लावलेले, पाचवा हातात. शरद भिया माइकवर म्हणाले, "हॅलो हॅलो, टँकर आला नाहीये, ही नुसती टेस्टिंग आहे." लीला मावशी बादली घेऊन पळाल्या, कारण त्यांनी वाक्याचा पहिला भागच ऐकला. बाहेरच्या सगळ्या गल्ल्यांत आवाज आला. मधल्या गल्लीत गेलो, खिशातल्या रेडिओवर नुसती खरखर.

शरद भियांनी मला खडू दिला. "काढ नकाशा." मी दुकानाच्या फरशीवर चार ठिपके काढले.

"लीला मावशी का?"

"छत उंच आहे."

"आणि?"

"पोहे."

"जयसिंगराव?"

"उंची..."

"धन्या."

"कचोरी."

"मास्तर?"

मी छातीवर हात ठेवला. आमरसाचा डाग अजून शर्टावर होता.

"अरे भिया, हे जाळं आहे का मेन्यू-कार्ड?" ते ओरडले. "आणि इथे बघ, बीच में. भोक! मासा तर इथूनच निघून जातोय. ज्यांच्यासाठी हे सगळं, तेच बाहेर!"

मी म्हटलं, ते दारच उघडत नाहीत, त्यात माझी काय गलती. म्हणाले, "तू पंधरा दिवसात दार नाही उघडवू शकला, तर माझ्या दुकानाचं शटर काय उघडशील रोज?"

हे लागलं जरा.

१ जून

अनुला सांगितलं. अनुश्री माझी धाकटी बहीण, बी.कॉम.ला आहे, म्हणजे आमच्याकडे तिचं म्हणणं शेवटचं असतं.

"तू काय करून राहिलास माहितीये का?" ती म्हणाली. "सारखा चहाच्या वेळेला काय जातोस तिथे?"

"मग केव्हा जाऊ? जेवायच्या वेळेला?"

"जेव्हा तुला कुणाला काही द्यावं लागणार नाही तेव्हा जा."

"असा काही टाइम असतो का?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, तू खरंच हुशार असतास तर किती त्रास झाला असता आम्हाला." अनुला कोड्यात बोलायची सवय आहे. कॉमर्सचा परिणाम.

५ जून

पाऊण दिवस कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, बसून विचार केला. म्हणजे करणार होतो. तिथे एक म्हातारा कबुतरांना नावाने हाक मारत होता आणि ती येत होती. मीही एकाला हाक मारली. नाही आलं. मला कुणीच दार उघडत नाही.

८ जून

लीला मावशींकडे डब्याची वायर तपासायला गेलो, तिथून मास्तरांकडे, तिथून काकांकडे. संध्याकाळी पोट असं बिघडलं की मी देवाला म्हटलं, पीथमपूरला जातो, पण हे थांबव. देवाने थांबवलं. आता शब्द मागे घ्यायचा कसा ते बघतोय.

९ जून

आज पोट ठीक, पण आईचं डोकं नाही. "वस्तीभर चरत फिरतोस! उद्या निर्जला एकादशी आहे. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. तुझ्या पोटाला आराम आणि मला पुण्य." शपथच घातली. मी म्हटलं, बाहेर एवढी आग पडतेय. म्हणाली, "वटपौर्णिमा शनिवारी आहे. मामाला फोन केलाय."

१० जून, मंगळवार

आज जे झालं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे काजवे. तरी पाचवा डबा काखेत मारून मधल्या गल्लीत गेलो, म्हटलं शेवटचा प्रयत्न. काकूंचं दार तेवढंच वीतभर उघडलं. त्या काही बोलायच्या आत मीच रडगाणं सुरू केलं.

"काकू, मला काही खायला-प्यायला विचारू नका बरं का. आज निर्जला एकादशी. आईने शपथ घातलीये."

काकू थांबल्या. "काहीच घेणार नाहीस?"

"काहीच नाही."

"चहासुद्धा?"

"काकू, पाणीसुद्धा नाही. दिलंत तरी मोठी पंचाईत होईल."

आणि दार उघडलं! पूर्ण, भिंतीला आपटलं असं उघडलं. "अरे मग बाहेर काय उभा राहून राहिलास उन्हात? ये, ये, बस!" सतरंजी टाकली. पंखा माझ्याकडे वळवला. आईची तब्येत, अनुचं लग्न, बाबा घरी कंटाळतात का, सगळं विचारलं. किती दिवसांचं साठलेलं होतं कोण जाणे, काकू बोलत सुटल्या. मध्येच भिंतीवर थापटून ओरडल्या, "अहो, शंकररावांचा मुलगा आलाय! निर्जळी उपास आहे त्याचा!"

तसं शेजारचं कुलूपवालं दार आतून उघडलं. ते कसं, ते मी विचारलं नाही. खोकणारे काका बाहेर आले. चप्पल नसलेल्या बाई आल्या. सगळे माझ्याभोवती, हसतायत, चेष्टा करतायत. "एवढा खादाड पोरगा आणि निर्जळी!" मग भांडण लागलं की डबा कुणाच्या छतावर. खोकणारे काका म्हणाले, "आमचं छत बघ तरी, ये, काही घ्यायचं नाहीये ना तुला, मग ये की." शेवटी गल्लीतली चार छतं पाहिली. काकूंचंच योग्य निघालं, तिथून मास्तरांचा डबाही ऐकू येतो आणि जयसिंगरावांचाही. शिडी मोडलेली नव्हती. घरात मांजरही दिसली नाही.

एकादशीत एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं. आईला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

११ जून

टँकर शाळेपाशी आला. शरद भिया माइकवर बोलले आणि मधली गल्ली अशी सुटली, अशी सुटली! बादल्या, कळशा, खोकणारे काका प्रेशर कुकर घेऊन. रांगेत पहिले तेच. लीला मावशी मागे राहिल्या आणि माझ्यावर भडकल्या. "माझ्या छतावर डबा, माझे पोहे, आणि पाणी त्यांना?" घरी जाऊन त्यांनी डब्याची वायरच काढली.

मी घाबरून दुकानात पळालो. शरद भियांनी रेडिओ घेतला, वस्तीभर फिरले, नाचतच परत आले. "चालू आहे! मावशी बंद, तरी बात जयसिंगरावांकडून घुसून राहिली आहे! धन्या, याला म्हणतात जाळं!" मला माहीत होतं असा चेहरा केला.

१२ जून, गुरुवार

काकूंच्या छतावरची वायर सैल झाली होती. सकाळी मावशींची समजूत घालायला गेलो होतो, त्यामुळे पोह्यांच्या दोन प्लेटा झाल्या होत्या. वळणावरून काकू दिसल्या, हसल्या, हात हलवला. मग मी दाराशी पोहोचलो आणि त्यांचं हसणं जरा तिथेच अडकल्यासारखं झालं. एक हात कडीवर गेला. मागे चुलीकडे बघितलं त्यांनी. चूल थंड होती आणि चहाचं पातेलं पालथं.

मी तिथे उभा होतो. आणि तोंडातून निघून गेलं, "काकू, आज गुरुवार. उपास आहे माझा."

"गुरुवारचाही करतोस?"

"कडक. काही चालत नाही."

हात कडीवरून खाली आला. "ये," म्हणाल्या, "वर ऊन आहे, डोक्याला काहीतरी बांध."

वर बसून वायर जोडली. जोडून झाली तरी बराच वेळ बसलो. अनु कोड्यात बोलते असं म्हटलं होतं, ते मनातल्या मनात मागे घेतलं. तोंडावर घेणार नाही.

संध्याकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभा राहून सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, असं बसवत होतो. बुधवारी कुणाचा असतो तेच आठवेना. बाबांना विचारलं. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि आईला म्हणाले, "हा बरा आहे ना?"

१४ जून, शनिवार

वटपौर्णिमा. मामा सकाळीच आले, दुसरं हेल्मेटही घेऊन. माझ्यासाठी.

आई वडाची पूजा करून आली आणि म्हणाली, "मधल्या गल्लीत ऐकू येतं म्हणतोस ना? मी माझ्या कानाने ऐकेन. मग ठरवू." नवी साडी, हातात हळदी-कुंकवाचं ताट, मागे मामा, मागे मी, मागे अनु फुकटचा तमाशा बघायला. मावशींच्या डब्याची वायर अजून काढलेलीच. वर टँकर येईल की नाही तेही ड्रायव्हरच्या हातात.

काकूंनी आईला पाहिलं आणि दोघी दारातच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मिल बंद झाल्यापासून आई या गल्लीत आली नव्हती. आई म्हणाली, "आज माझा उपास गं, काही करू नकोस." मला हुश्श झालं.

तेवढ्यात मामांनी कपाळावरचा घाम पुसला, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, बाकी काही नको, पण जरा कडक चहा—"

"मामांचाही उपास आहे!" मी ओरडलो.

मामा माझ्याकडे बघायला लागले.

"कसला रे?" काकूंनी विचारलं.

डोक्यात दुसरं काही आलंच नाही. "वटपौर्णिमेचा."

अनुने तोंडात ओढणी कोंबली.

"मामींसाठी," मी म्हटलं. "सात जन्म."

मामांचं तोंड उघडलं. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत मिटलं. म्हणजे आईला माहीत होतं. कधीपासून ते देव जाणे. काकूंनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग त्या अशा हसल्या, अशा हसल्या की भिंतीला टेकल्या. "असा नवरा पाहिजे बाई!" भिंतीपलीकडून खोकणारे काकापण हसायला लागले. मामा लाल. आता नाही म्हणणार तरी कसं, अख्ख्या गल्लीत आदर्श पती झाले होते.

आम्ही बसून राहिलो. खिडकीतला रेडिओ खरखरत होता. मामांनी दोनदा घड्याळ बघितलं, हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं, परत मांडीवर घेतलं. मी मनातल्या मनात खोक्यांवर टेप लावत होतो.

खरखर थांबली.

"हॅलो. टँकर मिलच्या गेटावर उभा आहे. पूर्ण भरलेला. धक्काबुक्की करू नये. आणि लीला मावशी, तुमचा डबा बंद आहे, तरी मी तुमच्या शेजारच्यांकडून बोलून राहिलो आहे, माझा नमस्कार."

गल्ली उठली. काकूंनी दोन कळशा उचलल्या, एक आईने त्यांच्या हातातून काढून घेतली आणि नवी साडी खोचून पळाली. मी आईला पळताना कधीच पाहिलं नव्हतं. चांगली पळते. मामांच्या हातात अनुने बादली दिली आणि म्हणाली, "चला मामा, पुण्य लागेल."

आम्ही परत आलो तेव्हा काकूंकडचं सगळं भरलेलं होतं, हंडा, पिंप, दोन परातीसुद्धा. आईने माझ्याकडे न बघता मामांना सांगितलं, "तू निघ आता. ऊन होईल." मामा हेल्मेट घेऊन उठायला लागले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "असं कसं जाल?" आणि आईला विचारलं, "या उपासाला पाणी चालतं ना?"

"चालतं," आई म्हणाली.

काकूंनी फळीवरचा पितळी लोटा काढला, घासूनपुसून चकचकीत. आधी आईला दिला, मग मामांना. मामांनी चहासारखा फुंकून प्यायला. मग मला. काठोकाठ होता, शर्टावर सांडला. मी पूर्ण संपवला.

"अजून देऊ?" काकू म्हणाल्या. लोटा हातातच होता त्यांच्या. "अरे घे की. भरपूर आहे."